भट्टीपुढच्या पोराला सर्व्हिस चार्ज माहीतच नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या मंगळवारी पुण्याची बहीण, दाजी आणि भाची आले म्हणून वेरूळला गेलोत. मंगळवारी लेणी बंद असते हे जन्म जालन्यात काढून पण माझ्या डोक्यातून गेलं होतं, गेटावरून परत फिरलोत, घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि मग भाचीच्या हट्टापायी रस्त्याकडंच्या एका हॉटेलात वुड फायर्ड पिझ्झा खायला बसलोत.

आधी चांगलं सांगतो. पिझ्झा खरंच झकास होता. भट्टी समोरच होती, मातीचा घुमट, एका अंगाला बाभळीची लाकडं जळायलेली. भट्टीपुढचा पोरगा कन्नड तालुक्याकडला, आधी संभाजीनगरात नान-कलियावाल्याकडं नानच्या भट्टीवर होता म्हणे. लांब दांड्याच्या उलथण्यानं पिझ्झा आत सरकवायचा, जाळाकडली कड फुगून काळे ठिपके आले की गर्रकन अर्धा फिरवायचा, दीड मिनिटात बाहेर. मी म्हणलं घड्याळ बघत नाहीस का, तर म्हणे काका नान भिंतीला चिकटवायचो तवा पण कुठं घड्याळ होतं. तिकडं इटलीत नेपल्सला पण असाच साठ ते नव्वद सेकंदात काढतात आणि त्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिलाय. दाजी म्हणाले, घरी भाकरी करपली तर बोलणी बसतात, इथं करपलेल्याचे साडेचारशे.

आता बिल. दोन मार्गेरिटा ९००, एक पनीरचा ५२०, पाण्याच्या दोन बाटल्या ६०, झाले १४८०. त्याच्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे वाढण्या-सेवेचे म्हणून हॉटेलवाल्यानं लावलेले, १४८ आणि मग ५ टक्के जीएसटी, तो पण सर्व्हिस चार्ज धरून! एकूण १७०९ रुपये ४० पैसे. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. काउंटरवर म्हणलं हे काढा, तर उत्तर आलं, सर ते सिस्टीममधूनच येतं.

अहो, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानं पण नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तेच उचलून धरलं. मी फोन काढून १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला लावतो म्हणलं, तर त्याच सिस्टीममधून दोन मिनिटात १५५४ चं नवीन बिल निघालं. म्हणजे १५५ रुपये ४० पैसे उगीच चालले होते. बाजूच्या टेबलावर बीडकडलं एक कुटुंब होतं, त्यांनी गुमान पैसे भरले अन् गेले, आजोबा तर बिलाकडं बघितले पण नाहीत.

निघताना भट्टीवरल्या पोराला विचारलं, सर्व्हिस चार्जमधलं तुला काही भेटतं का? तो म्हणे, ते काय असतंय? मी वाचलेल्यातले दीडशे त्याच्या हातात दिले.

आता दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतील, तेव्हा तो १९१५ नंबर जरा मोठ्या अक्षरात छापता आला तर बघा. आणि त्याच्याखाली मंगळवारी लेणी बंद, हे पण.

आपला एक वाचक, जालना