तीन मार्कांनी नापास

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, बरं वाटतंय ना?" मी नेहमीसारखा "एकदम मस्त" म्हणालो. ते खोटं होतं. तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

'हार्ट फेल्युअर' या नावानेच मी आधी खचलो. गणिताचा मास्तर, आयुष्यभर पोरांना फेल केलं; आता शिक्का माझ्यावर. त्यात इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ३० टक्के. आपल्या एमपी बोर्डात ३३ला पास, म्हणजे तीन मार्कांनी नापास! डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, हा पेपर शंभराचा नाही. धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्याला ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतं. तुमचं बंद पडलेलं नाही, जोर कमी झालाय." हायसं वाटलं, पण घरी येईपर्यंतच.

रात्री नको वाटतात. आडवं झालं की दम लागतो, म्हणून तीन उशा. मग ठोके मोजत पडायचं. घाबरलो की ते वाढतात, वाढले की आणखी घाबरतो. शेजारी तुझी आई झोपेचं सोंग घेते. मीही घेतो.

मागच्या रविवारी आईने पोहे केले, मिठाला बेताचे, वर ना शेव ना जिरावन. इंदुरात राहून असे पोहे! मी तिच्यावर खेकसलो आणि कोपऱ्यावर जाऊन दोन प्लेटी हाणून आलो. मंगळवारी सकाळी काटा दोन किलो वर. दोन-तीन दिवसांत एवढं वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रोजच्या वजनाच्या वहीत जुनाच आकडा लिहिला. कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढणारा मी!

त्या रात्री तीनला बसल्या जागी धाप लागली. आईला उठवून सगळं कबूल केलं. ती एवढंच म्हणाली, "वही खोटं बोलतेय हे पायांच्या सुजेवरून कळलं होतं मला." मग दवाखाना, इंजेक्शन, दोन दिवस मुक्काम. तुला कळवू नको, हे मीच तिला सांगितलं. रागाव माझ्यावर.

तिथे डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, मनाचंही. म्हणाले, या आजारात मन खचणं नेहमीचं, त्यावरही उपचार असतात, लपवू नका. आता रात्री भीती वाटली की मी आईला हाक मारतो. दोघं उठून बसतो, ती तुझ्या मावशीच्या चहाड्या सांगते. ठोके मोजायचे राहून जातात.

तू मात्र "बरं वाटतंय ना" विचारू नकोस. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. वजन विचार.

आज सकाळी, चहाच्या आधी, ६१ किलो ४०० ग्रॅम. आईने वाकून पाहिलंय.

तुझा
बाबा