स्थानकांवरची चित्रं रात्रीच्या उजेडात तपासा

संपादक महोदय,

८ मार्च जवळ आला की लोकलच्या स्थानकांवर महिला दिनाची भित्तिचित्रं काढायची घाई उडते. एका दिवसात भिंत रंगते, फोटो निघतात आणि श्रावण येईतो पोपडे सुटतात. चित्रं हवीतच, पण जिथे बायकांची पावलं भरभर पडतात तिथे हवीत. तिकीटघराची दर्शनी भिंत सोडा. पादचारी पुलाचं वळण, भुयारी मार्ग, रात्री महिलांचा डबा थांबतो तिथली मागची भिंत निवडा आणि ती जागा रात्री दहानंतर जाऊन बघा.

गडद निळी किंवा काळी पार्श्वभूमी दिवसा झकास दिसते, पण रात्री ट्यूबचा उजेड गिळते. डोक्याच्या उंचीपासून वर फिकट पिवळा किंवा मळकट पांढरा रंग ठेवला की समोर उभं असलेलं माणूस स्पष्ट दिसतं. जाळी आणि खिडक्या चित्राच्या फळ्यांनी झाकू नका, आरपार दिसणं बंद होतं.

पंख लावलेल्या मुली आता पुरे. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकलेली, मांडीवर मेथी निवडणारी, मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई काढा. कच्ची रेखाटनं डब्यातल्या नेहमीच्या ग्रुपना, गजरेवालीला आणि सफाई करणाऱ्या बायकांना दाखवा. काय खटकतं ते त्या लगेच सांगतात.

पोपडे बहुतेक वेळा ओलीमुळे येतात. कामासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आत दव दिसलं तर रंग लावू नका, आधी गळती शोधा. नव्या प्लास्टरला २८ दिवस द्या. जुना चुना पत्र्याने खरवडून, भिंत धुऊन, वाळवून मगच प्रायमर लावा. दहा बाय आठ फुटांच्या भिंतीला साधारण एक लिटर प्रायमर आणि दोन हातांसाठी दीड ते दोन लिटर बाहेरच्या भिंतींचं इमल्शन लागतं. गेरूत बुडवलेल्या दोरीने सूत मारून फुटाफुटाचे चौकोन आखले की चित्रकला न शिकलेल्या बायकाही आपापला चौकोन नीट उतरवतात. वरून चकचकीत व्हार्निश नको. त्यावर दिव्याची तिरीप येते आणि आत कोंडलेल्या ओलीचे फुगे धरतात. खालचे तीन फूट एकरंगी गेरूचे ठेवा. तिथे पिचकाऱ्या पडणारच, आणि चित्राला हात न लावता तेवढा पट्टा पुन्हा मारता येतो.

ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. फलाटावर लोखंडी वा ॲल्युमिनियमची शिडी, लांब दांड्याचा रोलर किंवा ओला बांबू वापरू नका आणि तारेपासून किमान दोन मीटर दूर राहा. परवानगी लेखी घ्या, स्टेशन मास्तरांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका.

चित्रात १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक डोळ्यांच्या उंचीवर, वीतभर आकड्यांत हवा. तो अनेकदा कोपऱ्यात, प्रायोजकाच्या नावाखाली दडतो. रेल्वे प्रशासनाला विनंती, की परवानगीच्या पत्रातच पुढच्या तीन वर्षांची डागडुजी कोण करणार आणि बंद पडलेला दिवा किती दिवसांत बदलणार, हे लिहून घ्यावं.

– भित्तिचित्रं करणाऱ्या काही लोकल प्रवासी महिला, ठाणे