फ्रॉस्टला आधीच काढायला हवं होतं

संपादक महोदय,

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे फॅन म्हणजे उतावळे, दोन मॅच हरल्या की कोचला हाकला म्हणून ओरडतात, असं सगळे म्हणतात पण नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमच्या फॅनच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही. त्यांचं लिंकन शहरातलं स्टेडियम 1962 पासून हाउसफुल जातंय, उतावळ्या लोकांचं काम आहे का हे? कोच स्कॉट फ्रॉस्ट तर घरचाच पोरगा, 1997 च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक (टीमचा अटॅक चालवणारा खेळाडू), म्हणून लोकांनी चार सीझन सांभाळून घेतलं, 2021 मध्ये तर 9 मॅच गेल्या, सगळ्या दहा पॉइंटच्या आतल्या फरकाने, तरी पगार कमी करून त्यालाच ठेवला. मग डब्लिनमध्ये 11 पॉइंटने पुढे असताना ऑनसाइड किक (बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारायची जोखमीची छोटी किक) मारायला लावली, बॉल समोरच्या नॉर्थवेस्टर्न टीमकडे गेला आणि हातातली मॅच गेली, मग राग येणार नाही तर काय! शेवटी सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नच्या टीमकडून घरच्या मैदानावर हरल्यावर काढला, तेही करार मोडल्याची भरपाई म्हणून दीड कोटी डॉलर मोजून, तीन आठवडे थांबले असते तर करारानुसार निम्मे वाचले असते. पण मला विचाराल तर थांबले नाहीत तेच बरं केलं, उशीर आधीच झाला होता.

– एक वाचक