मानस काढू देऊ नकोस

मिडलबर्ग, झेलंड

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आपल्या गावच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध मांडवीच्या भरतीने फुटला, दोन दिवस खारे पाणी शेतात उभे राहिले आणि आता नव्या बांधात मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याचे दार, न ठेवता सलग काँक्रीटची भिंत घालावी असा प्रस्ताव आला आहे, हे वाचल्यापासून मला चैन नाही. नेदरलँड्समध्ये काय करतात, असे तू विचारले आहेस. मी राहतो तो प्रांत ऱ्हाईन, मास आणि स्खेल्डे या नद्यांच्या मुखाशी आहे आणि हाच वाद इथे ५० वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळी भरतीने इथले बांध फुटले आणि देशात १८३६ माणसे दगावली. त्यानंतर समुद्राकडची बहुतेक मुखे धरणांनी बंद करण्याचे ठरले. त्या रात्रीची आठवण असलेल्या माणसांनी भिंतच मागितली, याबद्दल त्यांना दोष द्यावा असे मला कधीही वाटलेले नाही. पण भिंतीचे परिणाम दिसू लागले. १९७० मध्ये हारिंगव्लीट हे मुख बंद झाले आणि आतल्या बीसबॉसच्या पाणथळ रानात दोन मीटरच्या आसपास चढणारी भरती पुष्कळच उतरली. पुढच्याच वर्षी ख्रेवेलिंगन बंद झाले. तिथे आज तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो.

ऑस्टरस्खेल्डे या मुखाची पाळी आली तेव्हा मात्र येरसेके गावचे कालवे आणि शिनाणे ही शिंपल्यांतली मासळी काढणारे लोक निसर्गप्रेमींच्या बरोबरीने उभे राहिले. १९७६ मध्ये संसदेने सलग धरणाचा बेत सोडला आणि ६५ खांबांमध्ये ६२ पोलादी दरवाजे बसवायचे ठरले. १९८६ मध्ये ते काम पुरे झाले. हे दरवाजे एरवी उघडे असतात आणि पाणी सरासरी समुद्रपातळीपेक्षा तीन मीटर चढणार असा अंदाज असेल तेव्हाच खाली येतात. गेल्या महिन्यात मी तिथे ओहोटीच्या वेळी उभा होतो. पायांखालून पाणी इतक्या वेगाने समुद्राकडे निघाले होते की कठडा थरथरत होता, आणि मला आपल्या मानशीची लाकडी फळी आठवली, जी भरतीचे पाणी चढू लागले की आपोआप धप्पकन मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडते.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. अर्धे उघडे दारही फुकट मिळत नाही. खांबांमुळे मुखाची वाट अरुंद झाली, भरतीचा जोर घटला आणि वादळाने खाली ओढलेली वाळू पुन्हा वर आणून टाकण्याची ताकद पाण्यात उरली नाही. त्यामुळे ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे पट्टे झिजत आहेत. इथले लोक याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. लांब लाल चोचीचे, शिंपले फोडून खाणारे पक्षी ज्या पट्ट्यांवर जगतात, त्यांपैकी रॉगनप्लाट या एकावर काही वर्षांपूर्वी दहा लाख घनमीटरहून अधिक वाळू आणून पसरावी लागली. आणि हे काम पुन्हा पुन्हा करावे लागणार आहे.

जमिनीचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. बेल्जियमच्या सीमेवरचा हेदविगे पोल्डर, म्हणजे बांध घालून कोरडी केलेली सखल जमीन, १९०७ मध्ये समुद्राकडून मिळवलेला होता. जहाजांसाठी वेस्टरस्खेल्डे ही खाडी खोल केल्याने निसर्गाची जी हानी झाली, तिची भरपाई म्हणून तो पुन्हा पाण्याला द्यायचा, असे २००५ च्या कराराने ठरले. लोक वर्षानुवर्षे झगडले. पाणी आत आले ते २०२२ मध्ये. उलट ओव्हरडीप पोल्डरमध्ये नदीला जागा द्यायची वेळ आली तेव्हा उंच टेकाडे घालून त्यांवर घरे आणि गोठे बांधण्याची कल्पना शेतकऱ्यांनी स्वतःच मांडली. सगळ्यांना तिथे राहता आले नाही, तरी निर्णय त्यांच्या अंगणात झाला. पूर काय किंवा निसर्ग काय, ज्याची जमीन जाणार त्याला आधी विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून ग्रामसभेत तू एक मुद्दा जोर लावून मांड. पावसाळ्यात खाजनात साचणारे पाणी ओहोटीला बाहेर जाते ते मानशीतूनच. तिथे भिंत आली तर खाडीचे पाणी अडेल, पण आपलेच पावसाचे पाणी आत कोंडून कोरगूट भात कुजेल आणि मानशीच्या मासळीचा लिलावही संपेल. बांध मजबूत करायला हरकत घेऊ नका, मात्र बांधाबाहेरचे कांदळवन तोडू देऊ नका. इथे नॉर्डवार्डमध्ये एका बांधासमोर मुद्दाम विलोची झाडे लावली आहेत. लाटा त्यांत मोडतात आणि त्यामुळे बांध कमी उंचीचा ठेवता आला. डागडुजीचा खर्च दरवर्षी कोण करणार, हेही लेखी मागून घ्या.

मे महिन्यात मी येतो आहे. अमावास्येच्या भरतीला आपण दोघे बांधावर जाऊ. तोवर जुन्या मानशीची फळी कोणत्या लाकडाची होती आणि ती शेवटची कधी बदलली, हे गावातल्या जाणत्यांना विचारून कळव.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
जुना सोबती