कागद तुमच्याकडे, मग पुरावा आबांकडे का मागता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात छोटंसं ऑनलाइन सेंटर चालवते. सातबारा, पीक विमा, पॅनकार्ड, आणि नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. आसपासच्या पाच-सहा गावांतले फौजी माझ्याकडेच येतात, त्यामुळे डिस्चार्ज बुक (फौजेतून घरी येताना मिळतं ते सर्व्हिसच्या नोंदींचं पुस्तक) मी इतक्या वेळा हातात धरलंय की बंद डोळ्यांनी सांगेन कोणत्या पानावर काय असतं. पण स्वतःच्या बापाचं, म्हणजे आबांचं, बुक मी गेल्या वर्षापर्यंत कधी नीट वाचलं नव्हतं, हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल की ताई मग इतकी वर्षं काय करत होत्या.

झालं असं की गावच्या शाळेने भिंतीवर बोर्ड लावायचं ठरवलं, गावातले आजी-माजी सैनिक, त्यांची सर्व्हिस आणि त्यांना मिळालेली पदकं. ग्रामसेवक सगळ्यांकडे जाऊन बुकं बघून लिहून घेत होते. आबांनी तोंडी सांगितलं, 'पूर्वी स्टार', 'संग्राम मेडल', 'सैन्य सेवा'. ग्रामसेवकांनी पान उघडलं आणि हळूच म्हणाले, आबा यात तर पूर्वी स्टार नाहीये, संग्राम पण नाही, मी बुकात आहे तेच लिहू शकतो. त्यांचं बरोबरच होतं, उद्या कोणी काही विचारलं तर बोर्डाची जबाबदारी त्यांचीच. पण आबा त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. कळण्याची भाकर आणि ठेचा ताटात तसाच.

रात्री मी बुक घेऊन बसले. कपाशीच्या बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलेलं, डांबरगोळीचा वास, कडेची पानं वाळवीने खाल्लेली. पदकांच्या जागी निळ्या शाईत तीनच नोंदी. सैन्य सेवा मेडल, 9 वर्षांचं लाँग सर्व्हिस, आणि 25 व्या स्वातंत्र्य वर्धापनदिनाचं मेडल, जे 15 ऑगस्ट 1972 ला वर्दीत असलेल्या सगळ्यांना मिळालं होतं. खाली जागा कोरी.

आता ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1971 ची लढाई 3 डिसेंबरला सुरू झाली आणि पूर्वेला 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. त्या लढाईत पूर्व आघाडीवर जे होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. आणि सीमेकडच्या ठरलेल्या राज्यांत 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात जे ड्युटीवर होते त्यांना संग्राम मेडल. म्हणजे हे काही वीर चक्र नाही, शौर्याचं पदक नाही, नुसता पुरावा आहे की हा माणूस त्या दिवसांत तिथे होता. आबा ड्रायव्हर, शक्तिमान गाडी चालवायचे. ऑक्टोबर 71 मध्ये त्यांना स्वतःच्या युनिटमधून काढून दुसऱ्या युनिटला अटॅच केलं, म्हणजे तात्पुरतं जोडलं, आणि पूर्वेच्या सीमेवरच्या हिली गावाच्या मागच्या रस्त्यांवर रात्री लाईट न लावता ते ॲम्युनिशनच्या गाड्या नेत होते. चिखल इतका की पुढच्या गाडीच्या मागे पांढरा रंग मारलेला असायचा तेवढाच बघून चालवायचं. लहानपणापासून हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आई म्हणायची, बस करा आता, गाडी गॅरेजला लावा.

आणि गंमत बघा, पूर्वी स्टार आमच्या घरात आहे! बिस्किटाच्या डब्यात, जुन्या बटणांसोबत. मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून त्यावर कोरलेला नंबर वाचला, आबांच्या नंबरात जिथे 8 आहे तिथे 3 कोरलेलाय. नाव आबांचं, रँक आबांची, नंबर भलत्याच कोणाचा. पन्नास वर्षं तो स्टार डब्यात होता आणि कोणाचंच लक्ष गेलं नाही, आबांचंही नाही, कारण चष्मा लागायच्या वयात कोण मेडलवरचे आकडे वाचतं. संग्राम मेडल तर हातात कधी आलंच नाही. तोपर्यंत ते परत जुन्या युनिटला गेले होते, तिथून तिसरीकडे बदली, यांना वाटलं घरी पोस्टाने येईल, मग रिटायर झाले आणि शेती, पोरींची लग्नं, विहीर.

आम्ही त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जिथे जवानांच्या फायली असतात तिथे, अर्ज केला. कोणतं ते मी लिहीत नाही, कारण फोनवर बोलणारा माणूस चांगला होता, दरवेळी 'दीदी' म्हणायचा आणि दरवेळी तेच सांगायचा. पहिलं उत्तर चार महिन्यांनी, की आमच्या नोंदीत सदर पदके दिसत नाहीत, पुराव्याची कागदपत्रे जोडावीत. स्टारचे फोटो पाठवले. दुसरं उत्तर, पदकावरील क्रमांक आपल्या क्रमांकाशी जुळत नाही. अहो तेच तर आम्ही सांगतोय! तिसऱ्या पत्राला तीन महिने उत्तरच नाही. मग कळवलं की त्या वेळच्या युनिटचं प्रमाणपत्र आणा. 79 वर्षांच्या माणसाने 1971 मध्ये अडीच महिने ज्या युनिटला अटॅच होता ते युनिट आज कुठे आहे हे शोधून तिथून सर्टिफिकेट आणायचं म्हणे. त्यांचा तेव्हाचा सीओ, म्हणजे युनिटचा मुख्य अधिकारी, असेलच तर नव्वदी पार केलेला असेल.

या सगळ्यात नातेवाईकांचा एकच प्रश्न, यातून पैसे किती मिळणार? शून्य. शौर्यपदकाला भत्ता असतो, या पदकांना काहीही नसतं, पेन्शन एक रुपयाने वाढत नाही. मग कशाला एवढा उपद्व्याप, असं माझ्या चुलतभावाने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळ्यांसमोर विचारलं. आबा तेव्हा सांजोऱ्या खात होते, मान वर न करता म्हणाले, "माले पैसा नको रे भो, मी तठे व्हतू, इतलंच लिखा."

शेवटी मार्ग निघाला तो माहितीच्या अधिकारातून, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते कारण कोणाला तरी उपयोग होईल. अर्ज आबांच्या सहीने, कारण माहिती त्यांची स्वतःची. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर (ती गावच्या पोस्टात नव्हती, तालुक्याला जावं लागलं, ऑनलाइन पण भरता येतं पण आबांना कागदच हवा होता). मागितलं काय तर पदक नाही, दुरुस्ती नाही, फक्त माझ्या शीट रोलची पूर्ण नक्कल आणि ऑक्टोबर 1971 ते डिसेंबर 1972 या काळात माझ्या नावावर निघालेल्या पार्ट टू ऑर्डर्सच्या नकला. फौजेत माणसाचं काहीही झालं, लग्न, मूल, बदली, रजा, अटॅचमेंट, की त्याची पार्ट टू ऑर्डर निघते, आणि त्यावरून शीट रोलमध्ये नोंद पडते. शीट रोल म्हणजे जवानाची जन्मपत्रिकाच म्हणा, ती रेकॉर्ड ऑफिसमध्ये असते आणि डिस्चार्ज बुक हा तिचा घरी दिलेला सारांश. उत्तराची मुदत 30 दिवस, नकलेला पानाला दोन रुपये. अकरा पानांचे बावीस रुपये भरले.

आणि त्या अकरा पानांत सातव्या पानावर एक टाईप केलेली ओळ होती. अटॅचमेंटची तारीख, युनिट, परत आल्याची तारीख जानेवारी 1972. सगळं तिथेच होतं. म्हणजे ज्या ऑफिसने आम्हाला वर्षभर पुरावा आणा, पुरावा आणा म्हणून पिडलं त्याच ऑफिसच्या कपाटात तो पुरावा 50 वर्षं पडून होता, फक्त कोणी सातवं पान उलटलं नव्हतं! मला राग आला तो नंबर चुकल्याचा नाही, लढाईच्या धामधुमीत लाखो लोकांच्या याद्या हाताने लिहिल्या गेल्या, 8 चा 3 होणारच, मी स्वतः रोज आधार नंबर टाइप करते मला माहितीय. राग याचा की तपासायचं काम ज्याच्याकडे फाईल आहे त्याचं असताना ते म्हाताऱ्या माणसावर टाकलं.

ती ओळ हायलायटर मारून परत पाठवली, तेव्हा मात्र दीड महिन्यात पत्र आलं की पूर्वी स्टारची नोंद मान्य, संग्राम मेडलचं प्रकरण पुढे पाठवलंय, आणि नोंद करण्यासाठी मूळ डिस्चार्ज बुक पाठवावं. मूळ! झेरॉक्स चालणार नाही. आबा म्हणाले नको, राहू दे, नाही लिहिलं तरी चालेल पण बुक देणार नाही. आणि त्यांचं काय चुकलं, पेन्शन, कॅन्टीन, दवाखान्याचं कार्ड, उद्या आईची फॅमिली पेन्शन, सगळ्याच्या मुळाशी तेच एक बुक. पोस्टात गहाळ झालं तर?

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याने अमेरिकेत काय करतात ते वाचून सांगितलं. तिकडे डिस्चार्जचा जो कागद असतो त्याला डीडी-214 म्हणतात, आणि त्यात काही राहिलं असेल, पदकं वगैरे, तर मूळ कागदाला हात न लावता डीडी-215 नावाचा वेगळा दुरुस्तीचा कागद काढून देतात, दोन्ही सोबत ठेवायचे. आणि तिकडची परिस्थिती तर आपल्यापेक्षा वाईट होती, सेंट लुईस गावात त्यांचं रेकॉर्डचं मोठं ऑफिस आहे तिथे 12 जुलै 1973 ला आग लागली आणि साधारण 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. तरी पगाराची व्हाउचरं वगैरे दुसरीकडचे कागद जुळवून ते लोक नोंदी उभ्या करतात. आपल्याकडे आग लागली नाही, फाईल जागेवर आहे. तिकडचं सगळं छान असतं असं मला म्हणायचं नाही, तिकडेही लोक वर्षानुवर्षं पत्रं लिहितात म्हणे. पण एक वेगळा सही-शिक्क्याचा कागद काढून बुकाला जोडायला द्यायचा, एवढं तर करता येईल ना? आणि पदकाचा अर्ज आला की पुरावा मागायच्या आधी स्वतःच्या शीट रोलची सगळी पानं बघायची आणि काय सापडलं त्याची नक्कल अर्जदाराला पाठवायची. संरक्षण खात्याकडे माझी मागणी एवढ्या दोनच गोष्टींची आहे.

हे फक्त आबांचं प्रकरण असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. या नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी जो जो आला त्याला मी म्हटलं बुक आणा, पदकांचं पान बघू. चौदा जणांची बघितली, त्यातल्या पाच जणांची काही ना काही नोंद राहिलेली. एकाचा 1965 चा समर सेवा स्टार नाही, एकाचं नावच वेगळं. एक आजी आल्या, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्याकडे मेडलं आहेत पण बुक घर पडलं त्या पावसाळ्यात भिजून लगदा झालं, त्या विचारत होत्या की मी अर्ज केला तर चालतो का. चालतो, वारसाला करता येतो, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर बरं पडतं.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीय. ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी जे घरी आले, त्यांचे सर्व्हिसचे कागद नियमानुसार 25 वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल नावाच्या रजिस्टरमध्ये थोडक्यात नोंद तेवढी राहते. आमच्या भागात असे खूप आहेत, घरची शेती बघायला माणूस नाही म्हणून परत आलेले. त्यांच्या घरात जे बुक आहे तेच काय ते. त्यांनी आजच दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा, मोबाईलवर काढलेला फोटो पुरत नाही, शिक्के वाचता येत नाहीत.

आबांचं बुक शेवटी पाठवलं. प्रत्येक पान स्कॅन केलं, झेरॉक्सवर हेडमास्तरांची सही-शिक्का घेतला, प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि वर पुठ्ठा, स्पीड पोस्ट. तीन आठवडे झाले. आबा रोज अकरा वाजता ओट्यावर बसतात, पोस्टमन लांबूनच हात हलवतो की नाही आलं. शाळेचा बोर्ड तयार झालाय, पेंटरने आबांच्या नावापुढे एक ओळ मोकळी सोडलीय आणि मला दोनदा विचारून गेला की ताई भरू का, नाहीतर नंतर रंग जुळणार नाही.

पत्र छापलं तर माझं नाव-गाव छापू नका, आबांना आवडणार नाही. पण सेंटरवर कोणी बुक घेऊन आलं तर बघून द्यायचे मी पैसे घेत नाही, हे हवं तर छापा.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी
ता. पारोळा, जि. जळगाव