सेकंदाला आठ चित्रं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जपानी अ‍ॅनिमेशनचा इतिहास कुठून सुरू करावा, असं तू विचारलंस. सनावळ्या नंतर. आधी सेकंदाला किती चित्रं बदलतात ते मोजायला शीक.

फिल्म सेकंदाला 24 फ्रेम पळते. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला 12 चित्रं लागतात, तीन फ्रेम ठेवलं तर 8. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा आणि नजर तोंडावर किंवा पापणीवर ठेव. पार्श्वभूमी बघशील तर फसशील, कारण कॅमेरा सरकत असेल तेव्हा ती प्रत्येक फ्रेमला हलते. जुन्या जपानी डीव्हीडीवर मोजू नकोस: तिथे चार फ्रेमच्या पाच केलेल्या असतात, मोजणी 2-3-2-3 अशी वेडीवाकडी येते. ब्लू-रे घे.

आता 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे उडणाऱ्या यंत्रमानव मुलाची 'अ‍ॅस्ट्रो बॉय', लाव. तेझुका ओसामूंच्या मुशी प्रॉडक्शनची ही मालिका 1 जानेवारी 1963 ला फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, म्हणून हालचाल तीन फ्रेमवर नेली. चेहऱ्याचा सेल (चित्र काढलेला पारदर्शक सेल्युलॉइडचा पत्रा) तोच, त्यावर फक्त तोंडाचा वेगळा सेल; बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं एवढ्यावर संवाद निभावायचा. उडण्याचे सेल जपून ठेवून पुढच्या भागात वेगळ्या पार्श्वभूमीवर वापरायचे. या साठ्याला तिथे 'बँक' म्हणतात. ही नुसती काटकसर होती असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. चित्र थांबवून ताण धरायची जी रीत आज आपण जपानी म्हणून ओळखतो, ती इथेच पक्की झाली.

त्याच्या शेजारी तोएई दोगा या स्टुडिओचा 1958 चा 'हाकुजादेन' ठेव. जपानचा हा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत अ‍ॅनिमेशनपट. कापडाची चुणीसुद्धा किती सावकाश वळते बघ.

मागे जायचं तर 1917. शिमोकावा, कोउची आणि कितायामा या तिघांनी वेगवेगळी सुरुवात केली. त्या काळातलं फारसं काही उरलेलं नाही. तोक्योच्या 1923 च्या भूकंपातही बरंच गेलं. कोउचींची 'नामाकुरा गाताना' ही छोटी फिल्म ओसाकात सापडली, ती जरूर बघ. पुढेही सेल्युलॉइड महाग, म्हणून कितीतरी जण कागद कापूनच काम करत. ओफुजी नोबुरोंनी तर चियोगामी हा नक्षीदार जपानी कागद वापरला.

'आकिरा' (1988) हा चित्रपट शेवटी ठेव. त्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग तोंडं काढली आहेत, त्यामुळे तीन तोंडांचा हिशेब तिथे लागू होत नाही.

तुझा,
मिलिंद