बेसिनपाशी काढून ठेवलेली अंगठी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही तिघेही खुशाल आहोत. परवा व्हिडिओवर माझे मोकळे बोट पाहून आईने काही विचारले नाही, पण संध्याकाळी ताईकरवी विचारलेच, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. अंगठी मोडलेली नाही, गहाण टाकलेली नाही आणि घरात काही बिनसलेलेही नाही. अंगठीखाली आणि बांगड्यांखाली साबण नीट पोहोचत नाही, तिथे ओल राहते आणि जंतू टिकतात, एवढेच कारण आहे. बेसिनवरच्या फळीवर एका वाटीत ती सुखरूप आहे.

इथली एक रीत मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती पचायला मलाही महिना लागला. बाळाला बघायला आलेला माणूस आधी बेसिन कुठे आहे ते विचारतो, बाह्या वर सारतो, साबण लावून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत अंगठे आणि बोटांच्या बेचक्या चोळतो, हात कोरडे पुसतो आणि मग येऊन बाळाच्या पायाचा अंगठा धरतो. हो, पायाचाच! गाल नाही, हनुवटी नाही आणि मूठ तर मुळीच नाही. पहिल्यांदा मला वाटले, ही मंडळी माझ्या लेकीच्या पायाच पडताहेत. मग कळले की बाळाच्या मुठी दिवसभर तोंडात असतात, म्हणून मुठीला जे लागेल ते थेट आत जाते; पाय अजून तोंडापर्यंत पोहोचत नाहीत. (पाचव्या-सहाव्या महिन्यात तेही पोहोचतील, तेव्हा हे लोक काय धरणार कोण जाणे.) पापा तर कोणीच घेत नाही, कारण मोठ्या माणसाच्या ओठावर फोड उठवणारा विषाणू पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो, आणि फोड दिसत नसतानाही तो लाळेतून पसरू शकतो.

आत्येसासूबाईंची तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचल्याचे समजले. त्यांचे हात अस्वच्छ आहेत असे मी म्हटलेले नाही. मोबाइल पर्समध्ये ठेवून त्या लगेच बाळाकडे वळल्या, तेव्हा मी फक्त बेसिन दाखवले. त्यांनी सॅनिटायझर लावले होते हे खरे, आणि किमान ६० टक्के अल्कोहोलचे असेल तर स्वच्छ हातांवर ते चालतेही. पण हात मळलेले असतील किंवा बाळाची शी काढली असेल, तर त्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण जुलाब-उलट्यांचे काही विषाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. ते साबणाने आणि वाहत्या पाण्यानेच जातात. बाबांनी विचारले होते म्हणून लिहिते, पाणी गरमच हवे असे नाही आणि ‘जंतुनाशक’ लिहिलेला महागडा साबणही लागत नाही. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने, शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी त्याचे सहकारी दुखावलेच. आपल्याच हातांनी कोणाचे वाईट झाले, हे कोणाला ऐकवत नाही.

मलाही ऐकवले नाही. बाळ पाच आठवड्यांची असताना तिला ३८.२ अंश सेल्सिअस ताप आला होता, हे मी तुम्हांला कळवले नव्हते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून अधिक ताप आला की घरी औषध देऊन वाट बघायची नसते, म्हणून आम्ही लगेच रुग्णालयात गेलो. तपासण्यांसाठी दोन रात्री ठेवले आणि शेवटी साध्या सर्दीचा विषाणू निघाला. आता ती ठणठणीत आहे, काळजी नसावी. पण ती सर्दी पाहुण्यांनी आणलेली नव्हती. मला सर्दी झाली होती, आणि रात्री तीन वाजता झोपेतच नाक पुसून, ती रडते म्हणून तेच बोट मी तिच्या तोंडात दिले. डॉक्टरांनी दूध बंद करू नका, मास्क लावून पाजा, असे सांगितले, कारण माझ्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे दुधातून तिला मिळतात. यावरून ह्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

दादाच्या लग्नाला हे एकटेच येतील. तेव्हा बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांची असेल. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर मिळते आणि गोवराची आपल्याकडेही नवव्या महिन्याआधी देत नाहीत. मांडवात ती चाळीस जणांच्या हातांतून फिरेल आणि प्रत्येकाला बेसिन दाखवण्याचे धैर्य माझ्यात नाही. माझ्या तिकिटाचे परत मिळालेले पैसे हॉलच्या खर्चासाठी बाबांच्या खात्यात पाठवले आहेत. ही भरपाई समजू नये. वहिनीची समजूत तूच घाल, आई.

तुम्ही दोघे उन्हाळ्यात याल, त्याआधी निदान दोन आठवडे डांग्या खोकल्याची लस डॉक्टरांना विचारून घ्या. आणि आई, आल्या आल्या बेसिन दाखवले तर रागावू नकोस.

तुमची लेक